झुकतं माप

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांमध्ये एका सद्गृहस्थांचं पत्र वाचलं. मंगळवारी आपल्या नागपूरच्या टेकडी गणपतीच्या देवळात रांगेत उभी असलेली माणसं पाहून त्यांना जो संताप आला, तो त्यांनी लिहिला आहे. दुधात पाणी घालणारा, वजनात मारणारा, घरी बायकोवर हात उचलणारा असे सगळे त्या रांगेत असतात, हार-नारळ वाहतात, कपाळाला शेंदूर लावून खाली उतरतात आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तेच करतात. 'ज्याचे हात स्वच्छ असतील त्यानेच ते देवापुढे जोडावेत,' हे त्यांच्या पत्रातलं शेवटचं वाक्य. ते मी तीनदा वाचलं. मग पेपर घडी करून गल्ल्याखाली ठेवला आणि दिवसभर गिऱ्हाईक करताना तेच वाक्य डोक्यात फिरत राहिलं.

त्यांनी लिहिलेला वजनात मारणारा मी आहे. म्हणजे होतो. त्यांनी मला ओळखून लिहिलं नसणार, पण माणूस मीच. म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं. भांडायला नाही. त्यांचा राग खरा आहे आणि माझ्यासारख्यांवर तो व्हायलाच हवा. फक्त त्यांच्या शेवटच्या वाक्याबद्दल मला बोलायचं आहे.

माझं वय ६७. तांडापेठेत आमचं किराणा दुकान आहे. वडिलांनी १९५२ मध्ये टाकलं, तेव्हा शेर आणि पायलीचा जमाना होता. १९५८ पासून किलोची वजनं यायला लागली. माझा जन्म त्याच साली झाला, म्हणून वडील मला लाडाने 'किलो' म्हणायचे. जुनी पितळी पायली अजून घरात आहे. वडील धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणायचे. लाभ, दोन, तीन, चार. आणि माप भरताना वर शीग येईपर्यंत भरायचे. पायलीच्या काठाबरोबर हात फिरवून सपाट करणं त्यांना जमत नसे. कोणी म्हटलं, 'भाऊ, वरचं पडून राहिलं,' तर म्हणायचे, 'पडू दे, ते तुझंच आहे.' पुढे तराजू आला तरी तीच सवय. माल ठेवायचं पारडं जरा खाली झुकलं की मगच पुडी बांधायची. याला आपल्याकडे झुकतं माप म्हणतात. वस्तीतल्या विणकरांच्या घरांत वडिलांच्या हाताची ख्याती होती. त्यांचा हात बरकतीचा, असं बायका म्हणत.

वडील १९८४ ला गेले. दुकान माझ्याकडे आलं. वस्ती तीच, पण दिवस बदलले होते. हातमाग बसत चालले होते. ज्यांच्या घरी दिवसभर मागाचा खटखट आवाज यायचा, ती पोरं रिक्षा ओढू लागली, बांधकामावर जाऊ लागली. उधारीच्या वह्या फुगल्या. १९८९ च्या दिवाळीत मी हिशोब केला तर एकट्या वस्तीकडे माझे ३८ हजार अडकले होते आणि मस्कासाथचे ठोक व्यापारी माझ्याकडे तगादा लावत होते. त्या दिवाळीनंतर कधीतरी मी माल ठेवायच्या पारड्याच्या बुडाला चिंचेचा एक गोळा चिकटवला.

वाचकांपैकी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चिंच नीट मळून, वाळवून चिकटवली की पितळेच्या काळ्या पडलेल्या बुडाला ती दिसतही नाही. माझा गोळा २० ग्रॅमचा होता. म्हणजे प्रत्येक वेळी गिऱ्हाइकाच्या मालात २० ग्रॅम कमी. आता यातली खरी वाईट गोष्ट बघा. पाच किलो तांदूळ घेणाऱ्या नोकरदाराला २० ग्रॅमचा काही फरक पडत नाही. पण रोजच्या हजेरीवर जगणारी बाई पाव किलोच डाळ घेते, आणि रोज घेते. तिच्या दर पावात २० ग्रॅम गेले, म्हणजे साडेबारा वेळा डाळ नेली की एक अख्खा पाव माझ्या दुकानात राहिला. जो जितका गरीब, तितकं मी त्याचं जास्त घेत होतो. हे मला तेव्हाही कळत होतं. मी स्वतःला सांगायचो की मी उधार देतो, बँक तरी या लोकांना देते का, मग हे माझं व्याज. असं सांगत सांगत बारा वर्षं गेली.

मागे एकदा मी कॅलेंडरच्या पाठीमागे हिशोब मांडला होता. दिवसाला साधारण ६० पाव तोलले जायचे. साठ गुणिले वीस, १,२०० ग्रॅम. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ३६० किलो. बारा वर्षांचे ४३ क्विंटल २० किलो. डाळ, तांदूळ, साखर, गूळ, चणे सगळं मिळून. एक ट्रक भरेल. तो ट्रक मी लोकांच्या ताटातून भरला.

या बारा वर्षांत मी देवळात जायचं सोडलं नव्हतं, हे त्या पत्रलेखकांना सांगायला हवं. उलट जास्त जायचो. एकदा वजनमाप खात्याचे तपासनीस अचानक शेजारच्या दुकानात आले. मी पाच मिनिटांत गोळा खरवडून काढला, पारडं पुसलं. माझ्याकडे आले तेव्हा काटा बरोबर, वजनांवर शिक्के बरोबर. ते गेले आणि मी त्याच संध्याकाळी टेकडीवर जाऊन ११ रुपये ठेवले. देवाने वाचवलं, देवाची कृपा झाली, असं मला अगदी मनापासून वाटलं होतं. आज त्याची लाज वाटते. पकडलं न जाणं ही मी कृपा समजत होतो. दुसऱ्या दिवशी गोळा पुन्हा जागेवर होता. त्या सद्गृहस्थांनी मला त्या संध्याकाळी रांगेत पाहिलं असतं तर त्यांचं पत्र शब्दाशब्दाला खरं ठरलं असतं.

आमच्याकडे खंडेनवमीला तराजू, वजनं, कोयता, अडकित्ता सगळं धुऊन पूजेला मांडतात. धुण्याचं काम माझी बायको करते. पितळेची पारडी ती चिंच आणि राख लावूनच घासते, त्याने लखलखीत होतात. १९९६ ची खंडेनवमी असेल. मी दुकानातून मागे गेलो तेव्हा ती पारडं पालथं घालून बसली होती आणि नखाने काहीतरी खरवडत होती. मी दारातच थांबलो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पारडं घासलं, दोन पाण्यांनी धुतलं, कोरडं केलं, हळद-कुंकू वाहिलं. रात्री जेवायला वाढलं तेव्हाही एक शब्द नाही, आणि चिडलेपणही नाही. तव्यावरची पोळी नेहमीसारखी फुगवून माझ्या ताटात टाकली. मला वाटलं तिला कळलं नसेल. आठ दिवसांनी मी नवा गोळा लावला.

तिला कळलं होतं. पुढे फार वर्षांनी ती म्हणाली, 'मी पाह्यलं होतं. वाटलं, आज पूजा झाली, आता तुम्हीच लावणार नाही.' पुढच्या प्रत्येक खंडेनवमीला ती तो गोळा काढत होती आणि मी लावत होतो. एकाच घरात, एका शब्दाशिवाय.

आता ज्या बाईसाठी मी हे पत्र लिहायला घेतलं तिच्याबद्दल.

ती बिड्या वळायची. आमच्या गल्लीच्या मागच्या चाळीत राहायची. नवरा लवकर गेला, दोन मुली. तेंदूची पानं भिजवायची, कात्रीने कापायची, सूपात तंबाखू घेऊन दिवसभर वळत बसायची आणि आठवड्याच्या शेवटी कारखान्यात नेऊन द्यायची. हजार बिड्यांमागे मजुरी, आणि त्यातही जी बिडी मुकादमाला पसंत नाही ती छाट. छाटीचे पैसे नाहीत, बिडीही परत नाही. म्हणजे तिचं तिकडेही कापलं जायचं आणि इकडे माझ्याकडेही. शनिवारी मजुरी मिळाली की उधारी फेडायची. सोमवारपासून पुन्हा वही. पण सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकीला तिने कधी उधार मागितलं नाही. पदराच्या गाठीतून रुपया-दोन रुपये काढायची, 'बोहनीले उधार नाई मांगत भाऊ,' म्हणायची, आणि बाकीचं दुपारी वहीत लिहायला लावायची.

मे २००१. नागपूरचा मे मी काय सांगू. दुपारी दोन-अडीचला डांबर पायाला चिकटतं, पारा ४५ च्या वर असतो. बायको-मुलं उमरेडला लग्नाला गेली होती, दुकानातला पोरगा सुटीवर. मला सकाळपासून डोकं जड वाटत होतं. ती पाव साखर मागायला आली आणि मी पुडी बांधता बांधता खाली बसलो, बसलो तो उठताच येईना. पुढचं मला तुटक तुटक आठवतं. तिने शेजारच्यांना हाक मारली, दोघांनी धरून मला मागच्या पोत्यांवर आडवं केलं. कोणीतरी कैरीचं पन्हं आणलं. तिने कांदा फोडून माझ्या तळपायांना चोळला, दुपट्टा ओला करून डोक्यावर ठेवला. गल्लीतले डॉक्टर येऊन सलाईन लावून गेले. आणि दुकान उघडंच होतं.

मी 'शटर ओढा' म्हणालो असेन, पण कोणी ऐकलं नाही. दुपार उतरली की लोक येतात. ती माझ्या जागेवर बसली. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण वीस वर्षं आमच्या दुकानात उभी राहून तिला प्रत्येक मालाचा भाव पाठ होता. मला पडल्या पडल्या पारड्यांचा आवाज येत होता. वजन ठेवल्याचा एक, माल ओतल्याचा दुसरा. संध्याकाळी सातपर्यंत ती बसली. मग गल्ला माझ्या उशाशी आणून ठेवला, किल्ली हातात दिली, आणि तिची पाव साखर घेऊन गेली. त्या पाव साखरेचे पैसेही गल्ल्यात टाकले होते.

दुसऱ्या दिवशी उठवत होतं म्हणून दुकानात बसलो. एक गिऱ्हाईक म्हणालं, 'काल बाईनं मस्त तोललं राजा, वरून मूठभर टाकलं.' थोड्या वेळाने दुसऱ्या बाईने तेच सांगितलं. तिसऱ्यानेही. डाळ तोलून झाली की बाईने पोत्यात हात घालून एक मूठ वरून टाकली, प्रत्येकाला.

खरं लिहायचं तर माझ्या मनात पहिला आला तो राग. माझा माल, माझं दुकान, आणि ही वाटून राहिली! मग एकदम लक्षात आलं. मी पारडं उचलून पालथं केलं. गोळा जागेवर होता. उन्हाने चिंच मऊ झाली होती आणि तिच्यावर बोटाचा ठसा होता. लहान, बारीक बोटाचा. माझं बोट एवढं बारीक नाही.

तिने हात लावून पाहिलं होतं. काय आहे ते तिला कळलं होतं. आणि ते तिने काढलं नव्हतं, कोणाला सांगितलं नव्हतं, दुकानात त्या दुपारी पन्नास माणसं आली असतील त्यांच्यातल्या एकालाही दाखवलं नव्हतं. तिने फक्त जेवढं कमी पडत होतं तेवढं प्रत्येकाच्या पुडीत आपल्या मुठीने भरून दिलं होतं. आणि तिकडे मागे पोत्यांवर, जो माणूस तिला वर्षानुवर्षं लुटत होता, त्याच्या डोक्यावरचा दुपट्टा मधून मधून उठून ओला केला होता.

संपादक महोदय, मी देवाबद्दल फार वाचलेलं नाही. कीर्तनं ऐकली आहेत, गजानन विजयाच्या सप्ताहात बसलो आहे, ताजबागेत ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर चादर चढवताना लोकांना पाहिलं आहे. पण कृपा म्हणतात ती काय, हे मला कळलं ते त्या पालथ्या पारड्याकडे बघताना. माझं पाप दिसलं होतं, आणि दिसूनही मला उन्हात टाकून कोणी गेलं नव्हतं. मी पोत्यांवर पडलो होतो. पश्चात्ताप केलेला नव्हता, नवस बोललेला नव्हता, हात धुतलेले तर नव्हतेच.

गोळा काढून नालीत टाकला. इथे हे पत्र संपलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण खोटं झालं असतं.

पुढच्या वर्षी, २००२ च्या दिवाळीत मस्कासाथचं देणं पुन्हा तुंबलं, पोराची फी भरायची होती, आणि मी पुन्हा लावला. या वेळी हात थरथरत होते एवढाच फरक. ती येत होती. पाव डाळ, अर्धा पाव तेल, नेहमीसारखं. मी तोलताना ती काट्याकडे बघायची नाही, गल्लीकडे बघायची. तिला कळत होतं का? मला वाटतं पुडी हातात घेतल्याबरोबर कळत असणार, बिडीवाल्या बाईचा हात तो, गुंजभर तंबाखूचा अंदाज असलेला. संक्रांतीला ती दर वर्षी तिळाचे पाच लाडू कागदात बांधून आणायची. त्या वर्षीही आणले. 'गोड बोला भाऊ,' म्हणाली, ठेवून गेली. अडीच महिने झाले होते. त्या रात्री मी तो काढला. त्यानंतर नाही लावला. पण मी हे शपथेवर सांगतो की मी चांगला झालो म्हणून नाही काढला. तो लाडू खाताना माझ्याने गिळवेना, म्हणून काढला.

तिला हे सांगायला मला आणखी बारा वर्षं लागली. २०१४ च्या तान्ह्या पोळ्याचा दिवस होता, म्हणजे मारबतीचा. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या नागपुरात तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. मोठमोठे पुतळे, सोबत बडगे म्हणतात ते वाईट गोष्टींचे पुतळे, आणि पूर्ण रस्ता ओरडत असतो, 'इडा पिडा, खोकला, रोगराई, घेऊन जा गे मारबत!' बडग्यांच्या गळ्यात पाट्या असतात, भ्रष्टाचार, महागाई, भेसळ. मी लहानपणापासून त्या गर्दीत ओरडत आलो आहे. चिंच लावून बसायचो त्या बारा वर्षांतही भेसळीच्या बडग्याला पाहून 'घेऊन जा' ओरडलो आहे.

ती म्हातारी झाली होती. गर्दी सोसवत नाही म्हणून आमच्या दुकानाच्या ओट्यावर बसली होती. मिरवणूक पुढे गेली, रस्त्यावर गुलाल आणि चपला पडल्या होत्या. मी तिच्या शेजारी बसलो आणि सांगून टाकलं. १९८९ पासून सगळं.

ती म्हणाली, 'मले मालूम होतं ना भाऊ.'

'ऊन लागलं तेव्हापासून?'

'त्याच्या आंधीपासून. घरी डाळ शिजवली का समजते ना. तुमच्या बापाच्या टायमाले एका पावात चौघं जेवत होतो, तुमच्या टायमाले तिघं.'

मी विचारलं, मग दुसरीकडे का गेली नाही. ती म्हणाली, 'उधार कोन देनार होतं?' यात टोमणा नव्हता. तिच्या जगण्याचा हिशोब होता तो, आणि त्यात मी दोन्ही बाजूंना होतो, देणाराही आणि घेणाराही. मग मी विचारलं, त्या दिवशी गोळा काढला का नाही. तर म्हणाली, 'दुकान तुमचं. मी काढला असता तं तुमाले मालूमच नसतं पडलं का मी पाह्यला. आन् लोकाईसमोर काढला असता तं तुमची बेइज्जती. मनलं, राहू द्या. ज्यानं लावला थोच काढन.'

थोडा वेळ गप्प बसली. मग जे बोलली ते मी विसरणार नाही. 'मी बी बिडीत तंबाखू कमी भरो भाऊ. घरी बाजूले काढून ठेवो. उरला का विको.' तिने ते तिच्या कारखान्यात कोणालाच सांगितलं नव्हतं. मला सांगितलं. आम्ही दोघं तिथे बसून राहिलो. कोण कोणाला माफ करतंय हे मला समजेना.

मी १० किलो तूर डाळ बांधून तिच्या घरी पोचवली. तिने 'कायले' वगैरे काही म्हटलं नाही, ठेवून घेतली, आणि तिच्या चाळीतल्या दोन घरांत त्यातली वाटली असं नंतर कळलं. तिने ती घेतली याचा मला फार आधार वाटला. नको म्हणाली असती तर मी कुठे गेलो असतो?

आता त्या पत्राकडे येतो. शिक्षा माफ करा असं मी म्हणत नाही. मला तेव्हा कोणी पकडलं असतं, दंड केला असता, दुकानावर चार दिवस कुलूप लागलं असतं तर ते योग्यच झालं असतं, आणि कदाचित दोन-चार क्विंटल तरी लोकांचं वाचलं असतं. माझी तर विनंती आहे की वजनं तपासणाऱ्यांनी आमच्यासारख्या वस्त्यांमधल्या लहान दुकानांत जास्त यावं, जिथे पाव-अर्धा पाव विकला जातो. गिऱ्हाइकांनीही मागावं. इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी पडताळणी करून घ्यावी लागते आणि तिचं प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावावं लागतं. ते दिसलं नाही तर विचारायला संकोच करू नका. पारडं रिकामं असताना आकडा शून्यावर आहे ना, तेवढं तरी बघा. मी हे अनुभवाने सांगतो आहे.

पण हात स्वच्छ झाल्यावरच देवापुढे या, हे मला मान्य होत नाही. माझे हात कधी स्वच्छ व्हायचे? ४३ क्विंटल २० किलो मी कोणाला परत करू? त्यातली कितीतरी माणसं वारली, कितीतरी वस्ती सोडून कळमन्याकडे, वाठोड्याकडे राहायला गेली. २०१५ पासून मी सुट्या मालावर तोलून झालं की एक मूठ वरून टाकतो. पोराने पहिल्यांदा विचारलं, 'बाबा, हे काय?' मी त्याला सगळं सांगितलं. तो काही बोलला नाही, आता तोही टाकतो. पण आजकाल निम्मा माल बंद पाकिटांत येतो, सुटं घेणारे कमी झाले. मी रोज मूठ मूठ टाकली तरी माझ्या हयातीत तो ट्रक भरत नाही, हा हिशोबही मी करून पाहिला आहे. म्हणजे फेडून मोकळं होणं माझ्या नशिबात नाही. मी मरेपर्यंत देणेकरीच राहणार आहे.

आणि तरीही सकाळी सहाला शटर वर केलं की लोक येतात. वस्तीतली पोरं 'काका' म्हणून हाक मारतात. बायकोने इतकी वर्षं तो गोळा खरवडला आणि एकदाही माझ्या ताटातली पोळी कमी केली नाही. मला साखरेचा आजार आहे. गांधीबाग उद्यानात सकाळी फिरायला जातो, तिथे चार माणसं माझ्यासाठी बाकावर जागा धरून ठेवतात. यातलं काय माझ्या वजनाचं आहे? मी जे दिलं त्या मापाने मला परत मिळालं असतं तर माझं ताट कधीच रिकामं व्हायला हवं होतं. मिळतंय ते वडिलांच्या पायलीने मोजल्यासारखं, शिगोशीग, वरून सांडेल असं. का, ते मला माहीत नाही. म्हणून मी मंगळवारी जातो. मागायला जात नाही. आत जाऊन एवढंच म्हणतो, आजही दिलंस.

रांगेत माझ्या पुढे-मागे कोण उभा आहे ते मला माहीत नसतं. दुधात पाणी घालणारा असेल. पण त्याच्या घरी कोणी त्याचं भांडं घासत असेल, त्याने कमी केलेलं कोणी आपल्या मुठीने भरून देत असेल, आणि त्याला अजून ते दिसलं नसेल. मला बारा वर्षं दिसलं नाही. त्याला रांगेतून काढू नका एवढंच म्हणणं आहे.

बाई अजून आहे. डोळे गेले, बिड्या कधीच सुटल्या. नात येते पिशवी घेऊन. परवा पाव तूर डाळ न्यायला आली होती. मी तोलली, वर मूठ टाकली. पोरगी म्हणाली, 'आजीनं सांगितलं, मूठ टाकतील तं घेऊन घेजो, नाई मनू नको.'

माझं नाव छापू नये ही विनंती. मला लपायचं आहे म्हणून नव्हे, वस्तीत निम्म्या लोकांना आता माहीतच आहे. पण माझ्या नावावरून तिचं नाव निघेल आणि तिने तंबाखूचं जे सांगितलं ते फक्त मला सांगितलं होतं. ती मला म्हणाली, 'लिहा, पन माहं नाव नोका टाकू.'

त्या पत्रलेखकांना माझा नमस्कार कळवावा. मी दर मंगळवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला टेकडीवर असतो. दर्शन झालं की बाहेर थोडा वेळ बसतो. पांढरा पायजमा, खांद्यावर चौकड्यांचा दुपट्टा. ते आले तर त्यांच्याशी बोलायला मला आवडेल.

आपला,
एक किराणा दुकानदार
तांडापेठ, नागपूर